आल्मेरेतले बंब आणि हेमाताई

हेमाताई कारखानीस रस्त्याने चालताना समोर बघत नसत. मान वर, नजर घरांच्या छपरांवर आणि चाल मात्र लगबगीची. आल्मेरेतली आमची वस्ती नवी, रस्ते सरळ आणि सायकलवाले सबुरीचे, म्हणून निभावलं. पुण्यात असत्या तर पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी स्कूटरला जाऊन धडकल्या असत्या आणि वर त्यालाच चार शब्द सुनावून आल्या असत्या.

माझी नि त्यांची ओळख या वर बघण्यातूनच झाली. आम्स्टरडॅममधलं खुराड्याएवढं भाड्याचं घर सोडून आम्ही आल्मेरेत घर घेतलं, तो आमचा पहिला हिवाळा. सकाळी ऑफिसची गाडी पकडायला मी दार उघडलं, तर समोरच्या फुटपाथवर लाल कोटातली एक ठेंगणी बाई कमरेवर हात ठेवून आमच्या छपराकडे टक लावून उभी. मला वाटलं, एखादं कौल निसटलं की काय. मीही वर बघितलं. काही दिसेना.

"तुम्ही मराठी ना?" त्यांनी तिथूनच विचारलं. "तोरण बघितलं दारावरचं. अहो, तुमचा बॉयलर सारखा पेटतोय आणि विझतोय. मी मघापासून बघतेय."

"बाहेरून कसं कळलं तुम्हाला?"

"वाफ बघा ना. आली, गेली, आली, गेली. धाप लागलीय बिचाऱ्याला. वर जाऊन बघू का?"

मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांचे बूट दाराशी निघालेसुद्धा होते. दोन्ही जिने त्या अशा चढल्या, की घर त्यांचं आणि मी पाहुणी. माळ्यावर पोचल्यावर त्यांनी बॉयलरवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मग खालच्या बटणांशी खाटखूट करून पाण्याचं तापमान उतरवलं. "कुणीतरी उगाच चढवून ठेवलं होतं. आता सावकाश जळेल, पण सलग जळेल." माझी गाडी चुकली, पण घर मात्र त्या दिवसापासून एकसारखं उबदार राहायला लागलं. जाताना बजावून गेल्या, "मला ताई म्हणायचं. काकू म्हणालात तर परत बॉयलर बघणार नाही." त्या तेव्हा साठीला टेकल्या होत्या.

हेमाताई मूळच्या सांगलीच्या. इंजिनियर झाल्या, लग्न झालं, वसंतरावांच्या नोकरीमागे नेदरलँड्सला आल्या आणि इथे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली ती घरगुती बॉयलर तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. नवा बॉयलर बाजारात यायच्या आधी तो नीट पेटतो का, त्याचा धूर जिथे जायला हवा तिथेच जातो का, हे बघायचं त्यांचं काम. मुद्दाम वारा उलटा सोडायचा, नळी तुंबवायची, ठिणगी उशिरा द्यायची आणि बॉयलर शहाण्यासारखा आपणहून बंद होतो का ते बघायचं. "मी बॉयलरांची सासू होते," असं त्या म्हणत. विनय वगैरे भानगड त्यांच्यापाशी नव्हतीच. "या देशातले निम्मे बॉयलर माझ्या हाताखालून गेलेत," हे वाक्य त्यांनी भाजीच्या दुकानात ऐकवलं होतं, ट्रेनमध्ये ऐकवलं होतं आणि एकदा दाढ काढायला गेल्यावर तोंडात कापूस असताना दंतवैद्यालाही ऐकवलं होतं.

इथे प्रत्येक घरात गॅसवर चालणारा बॉयलर असतो, बहुधा माळ्यावर. त्याच्यावरच रेडिएटर तापतात आणि नळाला गरम पाणी येतं. डच लोक त्याला 'केटल' म्हणतात. हेमाताई त्याला बंब म्हणत. नव्याने आलेल्या कुठल्याही मराठी जोडप्याला त्या पहिल्या चहालाच समोर बसवून सगळं समजावून सांगत.

"तांब्याचा बंब बघितलायस ना? मधे नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. धूर भसाभसा वर. त्या धुराबरोबर निम्मी ऊब आकाशाला दान. या लोकांनी काय केलं, धूर बाहेर पडायच्या आधी त्यातली ऊब पिळून घेतली. इतकी, की धुरातल्या वाफेचं पाणी होऊन खाली ठिबकतं. पण मग धूर होतो थंड. आणि थंड धूर आळशी असतो, आपण होऊन वर चढत नाही. त्याला पंख्याने ढकलत न्यावं लागतं. ढकललेला माणूस काय करतो? फट मिळेल तिथून घुसतो. म्हणून नळी घट्ट हवी. समजलं?"

समोरचा मान डोलवायचा. मग त्या पेटवण्याकडे वळायच्या. "आधी वारा, मग ठिणगी, मग गॅस. पंखा आधी आत साचलेलं सगळं झाडून काढतो, मगच पुढचं. आणि ज्योत लागली नाही तर गॅस तिथल्या तिथे बंद. याला म्हणतात संस्कार." या क्रमाचा त्यांना फार अभिमान होता. कुणाच्या घरी नवराबायकोचं वाजलं की त्या दोघांनाही सांगायच्या, "आधी खिडकी उघडा, वारा येऊ द्या. मग बोला." आणि बॉयलर बंद पडल्यावर रीसेटचं बटण पुन्हा पुन्हा दाबणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग होता. "तो नाही म्हणतोय ना? मग का नाही म्हणतोय ते विचारा. नुसतं हो म्हण, हो म्हण, हा काय प्रकार?"

पेटण्याचे आवाज त्या तोंडाने काढून दाखवत. चांगला बॉयलर 'हुफ्' करतो. गॅस आत साचून उशिरा पेट घेणारा 'धप्प' करतो. या दोन आवाजांमधला फरक त्यांनी आमच्या सगळ्यांच्या कानात इतका भरवला, की मी ऑफिसात कुणी फाईल आपटली तरी दचकायला लागले.

करोनाच्या आधीच्या वर्षी आमच्यातल्या एका हौशी कुटुंबाने गणपतीला सगळ्यांना बोलावलं होतं. आरती रंगात आलेली. स्वयंपाकघरात कुणीतरी गरम पाण्याचा नळ सोडला आणि वर बारीकसं 'धप्प' झालं. पन्नास माणसं तारस्वरात गात असताना ते फक्त एकाच बाईला ऐकू आलं. हेमाताईंनी टाळ्यांचा ठेका सोडला नाही. टाळ्या वाजवत, तोंडाने आरती म्हणत त्या गर्दीतून वाट काढून जिना चढायला लागल्या. आम्हाला वाटलं, अंगात आलं. दुसऱ्या कडव्याला त्या माळ्यावर, तिसऱ्याला बॉयलरच्या गॅसचा कॉक बंद, आणि मंत्रपुष्पांजलीला परत जागेवर येऊन त्यांनी यजमानांच्या कानात सांगितलं, "मेकॅनिक येईपर्यंत गरम पाणी नाही. भांड्यांना पाणी शेगडीवर तापवा." यजमानीण बाई चिडल्या. एवढ्या पाहुण्यांची ताटं, तुपाचे हात, आणि गरम पाणी नाही! पण दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ठिणगी देणारी कांडी काढून दाखवली, ती झिजून वाकडी झाली होती. तेव्हापासून आमच्यात कुणीही हेमाताईंना अर्ध्या आरतीतून उठल्याबद्दल बोललं नाही.

एवढी उबेची तज्ज्ञ बाई, पण त्यांचं स्वतःचं घर म्हणजे फ्रिज. बॉयलरला दमवायचं नाही म्हणून तापमान कायम उतरवलेलं. वसंतराव शिडशिडीत आणि अबोल. ते बिचारे घरात मफलर, शाल आणि मोजे अशा जामानिम्यात वावरत आणि पाहुणे आले की मनापासून खूश होत, कारण पाहुण्यांसाठी तापमान दोन अंशांनी वाढे. "बसा हो अजून, एवढ्यात कुठे निघालात?" असं ते म्हणत, त्यात आतिथ्य किती आणि थंडी किती ते सांगणं कठीण होतं.

मग करोना आला आणि सगळे घरी बसलो. आमच्या ऑफिसच्या गाड्या बंद, पोरांच्या शाळा बंद, आणि घरं मात्र दिवसभर तापवायची. बॉयलरांवर ताण आला. मेकॅनिक लवकर येईनात. हेमाताई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांना घरात करमेना. त्यांनी दर रविवारी सकाळी व्हिडिओवर 'बंबकट्टा' सुरू केला. ज्याला जी शंका असेल त्याने फोन घेऊन माळ्यावर जायचं आणि आपला बॉयलर दाखवायचा. हार्लेमपासून टिलबर्गपर्यंतची मराठी घरं त्यात सामील झाली. निम्म्यांचा बॉयलर ठणठणीत असायचा. पण त्या दिवसांत माणसं भेटत नव्हती, म्हणून बॉयलरच्या निमित्ताने लोक एकमेकांची तोंडं बघायला येत.

या कट्ट्यावर एक गोष्ट उघडकीला आली. प्रत्येक मराठी घरात बॉयलरच्या शेजारी काहीतरी लपवलेलं होतं. कुणाचं इडलीचं पीठ, कुणाचं विरजण, कुणाची मोड यायला ठेवलेली मटकी. एका घरात तर बॉयलरला गोधडी पांघरली होती आणि आत ढोकळ्याचं पीठ फुगत होतं. थंड देशात आंबवण्यासाठी तेवढीच एक उबदार जागा! हेमाताई आधी भडकल्या. मग वसंतरावांनी, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, मधे तोंड घातलं: "आपलंही दही तिथेच लागतं, हेमा." पडद्यावरच्या सगळ्या चौकटी हसायला लागल्या. शेवटी नियम ठरला. विरजण खाली, जमिनीवर. पांघरूण नाही. नळीला कुणी हात लावायचा नाही.

त्या कट्ट्यावर मृण्मयी आणि ओंकार यायचे. आमच्याच गल्लीत, चार घरं पलीकडे राहायचे. मृण्मयीला दिवस गेले होते. साताऱ्याहून तिची आई बाळंतपणाला येणार म्हणून तिकीटसुद्धा काढलं होतं, पण विमानं बंद झाली आणि आई तिकडेच अडकली. डिसेंबरात मुलगी झाली. इथल्या नगरपालिकेला बाळाचं नाव तीन दिवसांत कळवावं लागतं, ते ओंकारने कळवलं. पण मृण्मयीने जाहीर केलं, की रीतसर बारसं होऊन आत्याने कानात सांगेपर्यंत ते नाव घरात उच्चारायचं नाही. आत्या म्हणजे ओंकारची बहीण, तीही भारतात. त्यामुळे त्या पोरीचं नाव आल्मेरेच्या नगरपालिकेला माहीत होतं आणि तिच्या सख्ख्या आजीला नव्हतं. आम्ही सगळे तिला 'बाळी' म्हणायचो.

आजीने साताऱ्याहून कुरिअरने आपली नऊवारी पाठवली. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली, झोळी करायला. रविवारच्या कट्ट्यावर मृण्मयीने ती सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, झोळी बांधायची कुठे? डच घरात तुळई शोधून सापडत नाही. फोन घेऊन ती घरभर फिरली. माळ्यावर, बॉयलरच्या बाजूला, छपराची एक दणकट तुळई उघडी होती.

"तिथेच!" हेमाताई पडद्यावरून म्हणाल्या. "तुळईही आहे आणि घरात सगळ्यात जास्त ऊबही तिथेच. बाळीची मजा आहे."

झोळी बांधली गेली. मृण्मयीने बाळीला घेऊन बिछानाच माळ्यावर हलवला. आम्ही शेजाऱ्यांनी डिंकाचे लाडू, अळीव, मेथी असं एकेक दारात ठेवून, घंटी वाजवून लांब उभं राहायचं, आणि तिने वरच्या खिडकीतून हात हलवायचा. असं ते बाळंतपण चाललं होतं.

फेब्रुवारीत बर्फ पडला. कालवे गोठले, सगळे डच बर्फावर घसरायला बाहेर धावले, आणि मृण्मयी आजारी पडली. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, उठवत नव्हतं. सगळ्यांच्या मनात एकच नाव. टेस्ट केली, निगेटिव्ह आली. कुणीतरी म्हणालं, कधीकधी चुकते, पुन्हा करा, म्हणून दुसरीही केली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, घरातच राहा, विश्रांती घ्या. मग ती आज्ञाधारकपणे माळ्यावर बाळीला घेऊन दार लावून राहिली. ओंकार खाली जेवणाच्या टेबलावर ऑफिसचं काम करायचा आणि ताट जिन्यात ठेवून यायचा. बाळी फार शहाणी झालीय, रडत नाही, नुसती झोपते, असं मृण्मयी मला फोनवर म्हणाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेमाताईंनी तिला तब्येत विचारायला व्हिडिओ लावला. मी तेव्हा त्यांच्या दाराशी उभी होते, त्यांनी मागवलेली कोथिंबीर द्यायला. दार उघडं, त्या फोन हातात धरून दाराच्या आतल्या ओसरीएवढ्या जागेत उभ्या, आणि मी नियमाप्रमाणे दोन पावलं लांब. म्हणून हे सगळं मी ऐकलं.

"तुझ्या मागे ती छपरातली खिडकी आहे ना," हेमाताई म्हणाल्या, "तिच्यावरून पाणी का वाहतंय?"

"थंडी आहे ना, ताई. सकाळपासून असंच ठिबकतंय."

"काल नव्हतं?"

"होतं बहुतेक. थोडं."

"मृण्मयी, परवा तू टेस्टला बाहेर गेली होतीस. तेव्हा डोकं कसं होतं?"

"तेव्हा... बरं होतं. हो, तेव्हा बरं वाटत होतं खरं."

हेमाताईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या एवढ्या जोरात ओरडल्या, की माझ्या हातातली जुडी खाली पडली. "बाळीला उचल! आत्ता! खाली जा, घराबाहेर जा!"

"पण ताई, दुसऱ्या टेस्टचा रिपोर्ट यायचाय, आम्हाला बाहेर पडायला..."

"खड्ड्यात गेला रिपोर्ट! बाहेर नीघ म्हणते ना!"

फोन तसाच हातात, पायात घरातल्या सपाता, अंगावर वसंतरावांची शाल, आणि हेमाताई बर्फातून धावत सुटल्या. मी मागे. आपत्कालीन नंबर मी लावला, आणि पळता पळता त्यांनीच माझ्या हातातून फोन ओढून डचमध्ये पत्ता सांगितला. ओंकार कानांवर हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता. त्यांनी खिडकीवर दोन्ही मुठींनी असं बडवलं, की त्याच्या मीटिंगमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं असणार. तो जिन्याकडे धावला. मृण्मयी अर्ध्या जिन्यात बसली होती, बाळी छातीशी, आणि पाय उचलत नव्हते. त्याने दोघींना कवळून बाहेर आणलं. हेमाताईंनी बाळीला शालीत घेतलं आणि तिच्या तळपायाला टिचक्या मारत राहिल्या. एक, दोन, कितीतरी. मग बाळीने तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. इतकं सुंदर रडणं मी आजवर ऐकलेलं नाही.

अग्निशमनवाले आले, मीटर घेऊन वर गेले आणि लगेच सगळ्या खिडक्या उघडायला लागले. माळ्यावर कार्बन मोनॉक्साइड साचला होता. विषारी वायू, ज्याला वास नाही, रंग नाही. मायलेकींना ॲम्ब्युलन्सने नेलं, ऑक्सिजन दिला आणि दुसऱ्या दिवशी दोघी सुखरूप घरी आल्या. बाळी तर दवाखान्यातल्या नर्सला बघून हसलीसुद्धा, असं ओंकार सांगत होता.

झालं होतं ते असं. नऊवारी लांब. झोळी बांधून उरलेला पदर जमिनीवर लोळत होता, म्हणून मृण्मयीने तो बॉयलरच्या नळ्यांमागे नीट खोचून ठेवला होता. साडीचा पदर लोळू द्यायचा नाही, हे हाताला लागलेलं वळण. झोळीच्या प्रत्येक झोक्यागणिक तो पदर नळ्या ओढत होता, आणि एक दिवस सांधे निसटले. धूर माळ्यावरच राहायला लागला आणि बॉयलर तोच धूर परत आत ओढून आणखी वाईट जळायला लागला. काचेवरचं पाणी त्या धुरातलं होतं. घरात धोक्याची घंटा होती की नाही? होती. दोन होत्या. धुराची घंटा मिरचीच्या फोडणीला आणि बाळीच्या धुरीला सारखी बोंबलायची, म्हणून ओंकारने वैतागून ती काढली. शेजारची विषारी वायूची घंटा गरीब, कधी तोंड उघडायची नाही, पण एकीच्या गुन्ह्यात दोघींना शिक्षा झाली आणि दोन्ही खणात गेल्या.

गल्लीभर हेमाताईंचं कौतुक झालं. मराठी मंडळाने ऑनलाइन सत्कार ठरवला. आणि ज्या बाईने दंतवैद्याला सोडलं नव्हतं, ती बाई एक शब्द बोलेना. सत्काराला नाही म्हणाल्या. रविवारचा बंबकट्टा बंद केला. रस्त्याने दिसल्या तर खाली बघून चालत होत्या, आणि ते बघवत नव्हतं. मी एकदा त्यांना गाठून म्हटलं, "ताई, तुम्ही नसतात तर काय झालं असतं?"

"मी नसते," त्या म्हणाल्या, "तर झोळी तिथे बांधलीच नसती."

वसंतरावांनी नंतर हळूच सांगितलं, की घरात बॉयलर पेटला की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. तापमान वाढवलं तरी काही म्हणत नाही. इतकी वर्षं ज्या उबेसाठी झुरलो, ती मिळाली तर घशाखाली घास उतरत नाही, असं ते म्हणाले. त्याच सुमारास दोघांनी घर विकायचं ठरवलं. टिलबर्गला मुलगी राहते, तिच्याजवळ जायचं.

मे महिन्यात निर्बंध जरा सैल झाले, मागच्या अंगणात चार माणसं जमवता यायला लागली, तशी मृण्मयी नऊवारीची घडी हातात घेऊन हेमाताईंच्या दारी गेली. मला तिने सोबत नेलं होतं, हेमाताईंनी दार लावून घेतलं तर अडवायला.

"ताई, रविवारी बारसं. आत्या तुम्ही व्हायचं. आणि झोळी तुम्ही बांधायची."

"मी नाही," हेमाताई म्हणाल्या. "दुसरं कुणी बघ."

"दुसरं कोण? ओंकारच्या हातची झोळी बघितलीत ना तुम्ही?"

हेमाताई हसल्या नाहीत. तेव्हा मृण्मयीचाही आवाज बदलला. "ताई, जागा तुम्ही सांगितलीत. पदर मी खोचला. घंटा ओंकारने खणात टाकली. तुम्ही सगळं एकट्या घेऊन बसलात, तर मी माझं कुणापाशी बोलू? आईला सांगू शकत नाही. मला अजून झोप लागत नाही. तिघांनी मिळून वाटून घेऊ या ना."

हेमाताईंनी हात पुढे करून ती घडी घेतली आणि म्हणाल्या, "कुठे बांधायची ते मी येऊन बघणार. फोनवर नाही."

बारशाच्या सकाळी त्या हातोडी आणि फूटपट्टी घेऊन आल्या. ओंकारच्या अंगणात वेल चढवायला केलेला लाकडी मांडव होता. त्याच्या प्रत्येक खांबावर त्यांनी ठोकून बघितलं, वरच्या आडव्या दांड्याला लोंबकळून बघितलं. साडीचा उरलेला पदर चापूनचोपून झोळीतच दुमडला. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग मागे वळून म्हणाल्या, "अहो, बसा."

"कुठे?" वसंतरावांनी विचारलं.

"झोळीत."

वसंतराव निवृत्त इंजिनियर, नातवंडं असलेले. त्यांनी निमूटपणे चपला काढल्या आणि झोळीत बसले. गुडघे हनुवटीशी, डोळे मिटलेले. हेमाताईंनी त्यांना झोके दिले, आणि ते "हं, बरं आहे, छान आहे" असं म्हणत राहिले. शेजारच्या डच आजोबांना वाटलं, हाच आमचा मुख्य विधी. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टॅब्लेटच्या पडद्यावरून साताऱ्याची आजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. इकडे ताटात घुगऱ्या होत्या, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे लोणी लावून बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या पसरलेले टोस्टही होते. दोन्हींचा फडशा पडत होता.

बाळी आता चांगली पाच महिन्यांची झाली होती. दिसेल ते धरायचं आणि सोडायचं नाही असा तिचा बाणा. तिला झोळीत ठेवलं. हेमाताई तोंडावर मास्क लावून वाकल्या. आजीला ऐकू यावं म्हणून मी टॅब्लेट अगदी जवळ धरून उभी होते. नाव दोन अक्षरांचं, नगरपालिकेच्या दप्तरात कधीच नोंदलेलं, ते सांगायला लागतो कितीसा वेळ? पण हेमाताई उठेनात. मला ऐकू आलं, आजीलाही ऐकू आलं असणार.

"चुकले गं, बाळी. फार चुकले."

साताऱ्याच्या आजीने काय चुकलं ते विचारलं नाही. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो आत्याबाई, झालं गेलं ते. नाव सांगा की आता! पाच महिने कान लावून बसलेय मी."

"ईरा," हेमाताई कानात म्हणाल्या. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या, "ईरा!" अंगण टाळ्यांनी दणाणलं.

पुढच्याच आठवड्यात त्या टिलबर्गला गेल्या. फोनवर बोलणं होतं, पण भेट त्यानंतर झालेली नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर त्या आहेत त्या तिथेच, झोळीवर वाकलेल्या. त्या उठायला गेल्या तेवढ्यात ईराने हात वर करून त्यांच्या मास्कची दोरी धरली आणि ओढली. मास्क तिच्या मुठीत आला. हेमाताईंचा अख्खा चेहरा आम्ही सगळे कितीतरी दिवसांनी बघत होतो, रडून लाल झालेला आणि नाकाचा शेंडा ओला. त्यांनी मास्क परत घ्यायला हात पुढे केला. ईरा सोडेना. उलट तिने त्यांचं बोटही धरलं. हेमाताईंनी जरा ओढून बघितलं, मग हसायला लागल्या, आणि बोट तिच्याकडेच राहू देऊन दुसऱ्या हाताने झोका द्यायला लागल्या.